धंदा करणाऱ्या बाईनं बुकिंगचं ॲप वापरावं का? (निपाणी–बेळगाव पट्टा)

चिकोडी_रोड (धागाकर्ती) · सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, विषय थोडा आडवळणाचा आहे. पण इथे वकील आहेत, संगणकवाले आहेत, म्हणून इथेच विचारते.

मी निपाणी भागात एचआयव्ही प्रकल्पावर समुपदेशक आहे. ज्या बायकांसोबत काम करते त्यातल्या कुणी घरून धंदा करतात, कुणी हायवेच्या लॉजवर, कुणी नुसत्या फोनवर. घरवालीकडे (म्हणजे कुंटणखाना चालवणारीकडे) राहणाऱ्या आता मोजक्याच उरल्यात. पूर्वी स्टँडच्या मागं आणि वखारींच्या बाजूला दोन फेऱ्या मारल्या की सगळ्या भेटायच्या. आता सगळं फोनमध्ये गेलंय, आम्हालाच बायका सापडत नाहीत, तो ताप वेगळा.

परवा त्यातल्या एकीनं विचारलं. तिच्या शेजारी पार्लरवाली आहे. त्या पार्लरवालीनं कुठल्याशा बुकिंग ॲपची लिंक स्टेटसला लावलीय. लिंक उघडायची, रिकामी वेळ निवडायची, दोनशे रुपये आगाऊ भरायचे, आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जातो. ही मला म्हणाली, “ताई, मला बी आसंच करून द्या की. रातचं दोनला फोन वाजतोय, पोरगी दहावीला हाय, तिच्या उशाला वाजतोय. आनि येतो म्हणून न येणारी तर निम्मी.”

तिची कल्पना अशी की ‘मसाज’ म्हणून नोंद करायची. अट एकच: घरी, पोरीच्या शाळेत आणि बचत गटात कळता कामा नये. मी ‘बघते’ म्हणून आले. सांगा, काय सांगू?

बाकरवडी · सोमवार, रात्री १०:५५

रुमाल टाकून ठेवतो. वाचतोय.

खडेबाजार_ते_कोरमंगला · सोमवार, रात्री ११:३०

ताई, नुसतं कॅलेंडर बिनधोक आहे. घोळ पैशाचा आणि नावाचा आहे.

बुकिंग ॲप सहसा स्वतः पैसे घेत नाही, त्याच्या मागं पेमेंट गेटवे असतो. तो खातं उघडतानाच पॅन, बँक खातं, पत्ता, व्यवसायाचं स्वरूप सगळं मागतो. आपल्याकडच्या गेटवेंच्या करारात बंदी असलेल्या व्यवसायांची यादी असते, आणि तिच्यात जुगार-शस्त्रांच्या पंगतीला ‘एस्कॉर्ट’ हा शब्द छापलेला सापडतो. स्ट्राइप, पेपाल यांचंही तेच. ‘मसाज’ लिहिलं तर काही दिवस निभेल. मग रात्री अकराच्या वेळा भरायला लागतात, कुणीतरी चिडून तक्रार करतो, आणि खातं बंद. आत अडकलेली रक्कम काही महिने अडवून ठेवायची मुभा कंपनीनं करारातच घेतलेली असते. दाद मागायची तर ‘मी नक्की काय काम करते’ हे लिहून द्यावं लागतं. कोण देईल?

मी काही वर्षं असल्या कंपनीत ‘रिस्क’वाल्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो. एक खातं बंद झालं की तोच फोन, तेच बँक खातं, तोच पॅन वापरून उघडलेलं दुसरं खातं यंत्र आपोआप पकडतं. म्हणजे तिनं पुढं खरोखर पार्लर टाकलं तरी ते बंद खातं तिच्या मागं लागणार.

दुसरं नावाचं. पावतीवर खातेदाराचं खरं नाव जातं. यूपीआयचं तर विचारूच नका. २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं नियमच केला की पैसे पाठवण्याआधी बँकेत नोंदलेलं नावच दिसलं पाहिजे. टोपणनाव चालत नाही. सर्वसामान्य गिऱ्हाइकाची फसवणूक टळावी म्हणून केलेला नियम, चांगलाच आहे, पण हिच्या मुळावर येतो.

तिसरं, ॲप कॉन्टॅक्ट मागतं आणि आपण ‘अलाऊ’ दाबतो. २०१७ मध्ये गिझमोडो या तंत्रज्ञानाच्या साइटवर एक लेख आला होता. अमेरिकेतल्या धंदा करणाऱ्या एका बाईनं फेसबुकवर दोन ओळखी कटाक्षानं वेगळ्या ठेवल्या होत्या, तरी ‘तुम्ही यांना ओळखत असाल’मध्ये तिच्या खऱ्या नावाच्या खात्यावर गिऱ्हाइकांचे चेहरे दिसायला लागले. निपाणीसारख्या गावात हे झालं तर संध्याकाळपर्यंत गल्लीत कळेल.

काळा_कोट_चिकोडी · मंगळवार, सकाळी ८:१०

आता कायद्याचं. लोक दोन्ही बाजूंनी चुकीचं बोलतात म्हणून जरा सविस्तर.

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं, एकटीनं, खाजगीत पैसे घेऊन संबंध ठेवले तर तो गुन्हा नाही. पण तिच्या आजूबाजूचं जवळपास सगळं गुन्हा आहे. कलम ३ कुंटणखाना चालवण्याचं. व्याख्या बघा: दोन किंवा जास्त बायका आपसातल्या फायद्यासाठी एक जागा वापरत असतील तरी तो कुंटणखाना. म्हणजे ‘एकटी राहू नकोस, मैत्रिणीला शेजारच्या खोलीत बसव’ हा शहाणपणाचा सल्ला कायद्याच्या अंगानं धोक्याचा. कलम ४, तिच्या कमाईवर जगण्याचं: अठरा वर्षांवरचं जे माणूस तिच्यासोबत राहतं त्यानं ‘मी तिच्या पैशावर जगत नाही’ हे स्वतः सिद्ध करायचं. तिचा वीस वर्षांचा मुलगा तिच्या फोनवर ॲप टाकून देत असेल तर तोही यात येऊ शकतो.

आणि आता ॲपकडे या. बुकिंगमागे दलाली घेणारं ॲप या कलमाच्या नजरेतून काय आहे? म्हणून इथली कुठलीही कंपनी उघडपणे ‘हो’ म्हणणार नाही. नीतीपेक्षा अटकेची भीती जास्त.

कलम ८ गिऱ्हाईक बोलावण्याचं. त्यात शब्द, खाणाखुणा, खिडकीत बसणं, गॅलरीत उभं राहणं असं सगळं आलंय, शिवाय ‘अन्य कोणत्याही प्रकारे’. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोबाइलची काच म्हणजे खिडकी का, यावर कोर्टात वाद घालता येईल. पण फौजदाराला वाद घालायचा नसतो, त्याला स्क्रीनशॉट पुरतो.

शहापूरची_सून · मंगळवार, सकाळी ८:४०

म्हणजे धंदा चालेल, पण कुणाला सांगायचं नाही, कुणाबरोबर राहायचं नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत?

काळा_कोट_चिकोडी · मंगळवार, सकाळी ८:४७

वहिनी, तुम्ही कलमं माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलीत.

सत्यशोधक_७ · मंगळवार, सकाळी ९:१५

प्रामाणिकपणे विचारतो. यांना ॲप कसं वापरावं हे शिकवण्यापेक्षा शिलाई मशीन दिलं तर? सौंदत्तीची देवदासी सोडायची प्रथा कायद्यानं १९८२ ला बंद केली ना? मग हे कौतुक कशाला?

चिकोडी_रोड · मंगळवार, सकाळी १०:०२

मशिनी दिल्यात दादा, माझ्याच सहीनं वाटल्यात. दोन-तीन अजून चालतात. बाकीच्या मशिनींवर कपड्यांचे ढीग आहेत, कारण फॉल-पिको करून पोरीची फी निघत नाही. आणि जोगतीण म्हणून या कामात आलेल्या आता म्हाताऱ्या झाल्या. नव्या येतात त्या विडीची मजुरी पुरेना म्हणून, नाहीतर नवऱ्यानं टाकलं म्हणून. तुमचा प्रश्न वेगळा धागा काढून विचारा, तिथं बोलू. इथं एक बाई रात्री दोनला वाजणाऱ्या फोनचं काय करू म्हणून विचारतेय.

शहापूरची_सून · मंगळवार, सकाळी १०:०९

+१

संपादक · मंगळवार, दुपारी १२:२०

‘बेळगाव सर्व्हिस, ॲडव्हान्स बुकिंग’ म्हणून नंबर टाकणारा प्रतिसाद उडवला आहे. आयडीही बंद.

खडेबाजार_ते_कोरमंगला · मंगळवार, दुपारी १२:४४

बघा, धाग्यातच नमुना आला. त्या नंबरवर बाई नसतेच. कुठल्यातरी मॉडेलचा फोटो, आगाऊ पैसे आणि नंबर ब्लॉक. जून २०१६ मध्ये सरकारनं २४० एस्कॉर्ट साइट बंद करायला लावल्या होत्या. तसल्याच आज नव्या नावानं उघड्या आहेत. यात लुबाडला जातो तो पुरुष, पण ज्या बाईचा फोटो उचलला तिला रोज शिव्यांचे फोन. ताई, तुमच्या बायकांना एवढं नक्की सांगा: कुणी ‘तुझं प्रोफाइल करून देतो’ म्हणून फोटो मागितला तर द्यायचा नाही.

सर्व्हिस_रोडवाला · मंगळवार, रात्री ११:०५

लॉजच्या बाजूचं सांगतो. मी हायवेवर एका लॉजला काउंटर बघतोय. कुठलं ते विचारू नका.

लोकांना वाटतंय ऑनलाइन रूम घेतली की गुपचूप. उलटं हाय वो. गल्ल्यावर रोख देऊन रूम घेतली तर एक वहीत नाव. ॲपवरनं आली की ॲपवर नाव, मोबाइलला ओटीपी, आनि वर परत काउंटरला दोघांचं आधार. झेरॉक्स फायलीला लागतंय. झेरॉक्स बंद आसली की पोरगा मोबाइलवर फोटो मारतोय आनि मालकाच्या ग्रुपवर टाकतोय. त्या ग्रुपवर मालक, त्याचा भाऊ, भाच्चा, मागच्या वर्षी सोडून गेलेला मॅनेजर, सगळे. त्या फोटोंचं पुढं काय व्हतंय कुणाला म्हाईत. बाईचं गाव, नवऱ्याचं नाव, सगळं त्यावर.

मालकाची भीती बी खोटी न्हाई. देऊळ, शाळा, दवाखान्याच्या दोनशे मीटरच्या आत सापडलं तर लॉजचं लायसन जातंय. म्हणून बाई एकटी आली आनि आधार गावातलंच आसलं की रूमच देत न्हाईत. ती मग बाहेर कुठंतरी उसात जाते. त्यात काय सुरक्षा?

काळा_कोट_चिकोडी · मंगळवार, रात्री ११:३०

बरोबर. कलम ७. लॉजचा परवाना तीन महिने ते वर्षभर निलंबित होऊ शकतो.

आधारबद्दल: मास्क्ड आधार डाउनलोड करता येतं, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. नाव-पत्ता दिसतोच, पण पूर्ण नंबर कुणाच्या ग्रुपवर फिरत नाही. आठवत असेल तर मे २०२२ मध्ये आधारच्या बेंगळूर कार्यालयानं ‘झेरॉक्स वाटू नका, मास्क्ड द्या’ म्हणून पत्रक काढलं, गहजब झाला आणि दोन दिवसांत मागं घेतलं. पत्रक मागं घेतलं, सोय तशीच आहे.

त्याच महिन्यात, १९ मे २०२२ ला, सुप्रीम कोर्टानं बुद्धदेव कर्मस्कर खटल्यात आदेश दिला. धंदा करणाऱ्या बाईकडे पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅको (केंद्राची एड्स नियंत्रण संस्था) किंवा राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आधार द्यायचं, आणि या बाया काय काम करतात ते त्यात फुटता कामा नये. पोलिसांनी सन्मानानं वागायचं, कंडोम सापडला म्हणून पुरावा धरायचा नाही, वर्तमानपत्रांनी ओळख छापायची नाही. ताई, तुमच्या प्रकल्पातून ही प्रमाणपत्रं मिळतात का बघा. ॲपपेक्षा याचा उपयोग जास्त.

दक्षिण_गोलार्ध · बुधवार, पहाटे ४:५०

मूळची खानापूरची, आता ऑकलंडला. इथं २००३ पासून हा धंदा गुन्ह्यातून काढला आहे, जाहिरात चालते, दोघी-चौघी मिळून जागाही चालवू शकतात. तरी अगदी साधी बुकिंगची वेबसाइट काढली तर पैसे घेणारी कंपनी अमेरिकेतली, नियम तिथले. तिथं २०१८ च्या एप्रिलमध्ये फॉस्टा-सेस्टा कायदा झाला, साइटवरून असा धंदा चालला तर साइटवाल्यालाच जबाबदार धरणारा, तेव्हापासून वेबसाइटवाल्यांनी धास्तीनं सगळंच झाडून काढलं. २०२१ मध्ये ओन्लीफॅन्सनं, जी साइट अशाच फोटो-व्हिडिओंवर चालते तिनं सुद्धा, बँकांचं नाव पुढं करून उघड लैंगिक मजकुरावर बंदी जाहीर केली होती. आरडाओरडा झाल्यावर काही दिवसांत मागं घेतली. एअरबीएनबीच्या नावावर तर एक पेटंट आहे, त्यात इंटरनेटवरची माहिती चाळून माणूस विश्वासू की नाही ते ठरवायचं, आणि पॉर्नोग्राफीशी संबंध हा त्यातला एक निकष.

तेव्हा कायदा बदलला की ॲप आपोआप उघडेल असं धरून चालू नका.

बाकरवडी · बुधवार, सकाळी ९:००

रुमाल टाकला होता, आता उचलवत नाही.

मला_नाव_नको · बुधवार, दुपारी ३:१५

मी बोलून टाइप करायले, चुकलं तर समजून घ्या. मी ह्येच काम करते. चिकोडीरोड ताईंनी लिंक पाठवली म्हणून वाचायले.

तुमी सगळी ॲप माझं काय काय बघतंय त्ये सांगायलाय. गिऱ्हाइकाचं काय बघतंय त्ये एकानं बी सांगितलं न्हाई. माझं प्यान पायजे, आधार पायजे, बँक पायजे. त्याचं काय? एक मोबाइल नंबर. त्यो दारू पिऊन येतोय का, दोघं म्हणून चौघं आणतोय का, मागल्या बाईला मारलाय का, ह्ये ॲपला म्हाईत हाय का? माझ्या धोक्याचं काम त्ये. तेवढंच न्हाई त्यात.

आमी कसं बघतो सांगते. पैल्यांदा फोन आला की लगीच हो म्हणायचं न्हाई. धा मिनिटांनी परत लाव म्हणायचं. पिलेलं आसलं की परत लावत न्हाई, न्हाईतर मगाशी काय बोललो त्ये इसरतंय. मागं आवाज आयकायचा, चार जण हसायला लागलेत का. गाव इचारायचं, गावातलं देऊळ इचारायचं. खोटं बोलणारं आडखळतंय. मग त्याचा नंबर पैशाच्या ॲपमदी टाकायचा, पाठवायचं कायच न्हाई, नुसता टाकायचा. बँकेतलं नाव वर येतंय. त्यानं सांगितलेलं नाव आनि ह्ये नाव एक न्हाई आलं तर ‘आज तब्येत बरी न्हाई’ म्हणून सोडायचं. वरच्या दादांनी त्यो नियम आमच्या मुळावर हाय म्हणलं. हाय. पर त्याच्या बी मुळावर हाय.

फकस्त आपला बँकेचा नंबर गिऱ्हाइकाला द्यायचा न्हाई. धंद्याचं सिम येगळं, त्याला बँक जोडायची न्हाई, साधा बटनाचा फोन. रातचं बंद करून डब्यात. त्या बाईला सांगा, पोरीच्या उशाला वाजायचं ह्याला ॲप कशाला, दुसरा फोन घे.

आनि आमचा ग्रुप हाय, निपाणी, संकेश्वर, कागल, मिरज. वाईट गिऱ्हाइकाचा नंबर त्यात पडतोय, बोलून, लिहून न्हाई. मोठ्या बाया हायत त्यात, संग्राममदनं शिकलेल्या.

शहापूरची_सून · बुधवार, दुपारी ३:४०

उभं राहून वाचलं हे. मावशी म्हणू का अक्का?

मला_नाव_नको · बुधवार, दुपारी ३:४४

वय न्हाई तेवढं. ताई म्हणा.

चिकोडी_रोड · बुधवार, सायंकाळी ५:२०

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सांगलीला ‘संग्राम’चं काम १९९२ पासून आहे आणि त्यातून १९९६ ला बायकांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली. ब्रिटनमध्ये वाईट गिऱ्हाइकांची माहिती एकमेकींना कळवायला ‘नॅशनल अग्ली मग्ज’ २०१२ मध्ये निघालं, त्याचं फार कौतुक होतं. आपल्याकडे तेच काम व्हॉइस नोटवर चालतं आणि त्याला नावही नाही.

ग्रुपबद्दल एक काळजी आहे, सांगूनच टाकते. ग्रुपमधल्या एकीचा फोन पोलिसांनी किंवा ‘मालका’नं घेतला तर सगळ्यांचे नंबर त्याच्या हातात. आम्ही मेसेज आपोआप उडण्याची सोय लावून दिलीय, पण नंबर राहतातच. कोरमंगलाकर, याला काही उपाय?

खडेबाजार_ते_कोरमंगला · बुधवार, रात्री ९:१०

नंबर न दाखवणारी ॲपं आहेत. सिग्नलवर युजरनेम ठेवता येतं आणि नंबर लपवता येतो. पण चाळीस बायकांना नवं ॲप शिकवायचं म्हणजे निम्म्या जुन्याच ग्रुपवर राहणार आणि माहिती दोन्हीकडे अर्धी. मी म्हणेन ग्रुप लहान करा, गावागावाचा वेगळा, आणि प्रत्येक ग्रुपमधली एकच बाई दुसऱ्या ग्रुपमध्ये. फोनला आणि ॲपला वेगळं कुलूप. संपर्कात नावाऐवजी ‘दूधवाली’, ‘शिलाई’ असलं काहीतरी.

आणि ताईंनी सांगितलेली नाव बघायची युक्ती मी इतकी वर्षं या धंद्यात, म्हणजे पेमेंटच्या, असून मला सुचली नव्हती.

सर्व्हिस_रोडवाला · बुधवार, रात्री ९:३२

‘या धंद्यात’ 😀

मला_नाव_नको · बुधवार, रात्री १०:००

एक इचारायचं ऱ्हायलं. ह्येच्याचसाठी आले खरं तर. नियम मोडून मी एकाकडनं ॲडव्हान्स खात्यावर घेटला. पाचशे. नंतर आठवड्यानं खातं बंद. बँकेत गेले तर ‘सायबर’ म्हणत्यात, फुडं काय बोलत न्हाईत. माझं गॅसचं, पोराचं स्कॉलरशिपचं, सगळं त्यातच येतंय.

काळा_कोट_चिकोडी · बुधवार, रात्री १०:२५

ताई, घाबरू नका, हे दुकानदारांचंही होतं. त्या माणसानं कुणाला तरी फसवून घेतलेले पैसे तुम्हाला पाठवले असतील. फसलेल्यानं सायबर फसवणुकीच्या १९३० या फोन नंबरवर तक्रार केली की पैसे जिथं जिथं गेले त्या सगळ्या खात्यांना टाच लागते. ठाणं कदाचित दुसऱ्याच राज्यातलं असेल.

बँकेकडे लेखी मागा: कुठल्या ठाण्यानं थांबवलं, तक्रारीचा पोच क्रमांक काय, वादाची रक्कम किती. वाद पाचशेचा असेल तर पाचशेच अडवा, बाकी खातं सोडा, असा अर्ज त्या ठाण्याला आणि बँकेला करायचा. पैसे कशाचे यावर एकटीनं काहीही लिहून देऊ नका, तोंडीसुद्धा नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. बाईला उत्पन्नाची अटच नाही, १९८७ च्या कायद्यात तसं आहे. फोन १५१००.

आणि त्या माणसानं फोटोवरून किंवा घरी सांगतो म्हणून पैसे मागितले तर ती खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. कोल्हापूरच्या लॉजवर काही झालं तरी तक्रार निपाणीत देता येते. ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकानं (झिरो एफआयआर) घ्यावीच लागते.

मला_नाव_नको · बुधवार, रात्री १०:४०

बँक शनवारी उघडी आसती का? बाकीचं दिस मला जमत न्हाई.

चिकोडी_रोड · बुधवार, रात्री १०:४४

हा दुसरा शनिवार, बंद असते. सोमवारी सकाळी दहाला बँकेपाशी या, मी येते. अर्ज कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत लिहून आणते.

मला_नाव_नको · बुधवार, रात्री १०:४७

कन्नड वाचाय येत न्हाई मला.

चिकोडी_रोड · बुधवार, रात्री १०:४८

सही करायच्या आधी वाचून दाखवते.

काळा_कोट_चिकोडी · बुधवार, रात्री ११:०२

दोन प्रती न्या, आणि तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ‘नंतर या’ म्हणतील. थांबायचं.